आज तिथी कोणती? मुंबईचे किनारपक्षी बघायला आणि टिपायला निघण्याआधी

शिवडीच्या जेट्टीवर मी पहिल्यांदा गेलो तो डिसेंबरमधला एक रविवार होता. सकाळचे आठ. उसनी आणलेली ४०० मिलिमीटरची लेन्स, नवाकोरा ट्रायपॉड, डब्यात थालीपीठ, सगळा जामानिमा होता. पक्षीही होते, पण कुठे? चिखलाच्या पार पलीकडच्या कडेला, मोहरी सांडल्यासारखे. त्यात सूर्य थेट डोळ्यांत. तासभर खटाखट फोटो काढले आणि एकाही फोटोत नेमकं काय आहे ते सांगता येईना. खांद्यावर जाळं टाकून एक कोळी काका शेजारून चालले होते. थांबले, कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावले आणि म्हणाले, "तीज हाय आज. आता सुकतीला काय मिलनार तुला? दुपारी ये, पानी उतरताना."

सुकती म्हणजे ओहोटी. थट्टा करताहेत असं वाटलं. तरी चारच्या सुमाराला परत गेलो. जेट्टीच्या पायथ्याशी चिखल नुकता उघडा पडत होता आणि वीस-पंचवीस फुटांवर कर्ल्यू सँडपायपरचा थवा माना खाली घालून चरत होता. सूर्य माझ्या पाठीशी. लेन्स तीच, माणूस तोच.

तेव्हापासून माझा क्रम ठरून गेला आहे. आधी तिथी, मग सूर्य, मग जागा, आणि कॅमेरा सगळ्यांत शेवटी. इथेही त्याच क्रमाने सांगतो.

आधी पाणी

किनारपक्ष्यांना आपल्याकडचे पक्षीवाले सरसकट 'वेडर' म्हणतात. यांचं जेवण ओल्या चिखलात असतं: अळ्या, किडे, बारीक शंख-शिंपले, पिल्लू खेकडे. पाण्याच्या कडेचा चिखल मऊ असतो, त्यात चोच सहज जाते आणि खाद्य वरच्या थरात असतं. म्हणून पाण्याची कड जिथे, तिथे पक्षी. ओहोटी पूर्ण लागली की ती कड अर्धा किलोमीटर लांब जाते आणि तिच्यामागे पक्षीही. भरती पूर्ण झाली की चिखलच उरत नाही, मग सगळे कुठेतरी कोरड्या जागी गोळा होऊन झोपा काढतात. आपल्या कामाची वेळ या दोन्हींच्या मध्ये असते. भरतीच्या आधीचे तीन ते दोन तास, किंवा भरती होऊन गेल्यावरचे दोन ते तीन तास.

आता भरती केव्हा, हे मोबाइलवर दिसतंच. पण पुढच्या महिन्यातला कुठला शनिवार मोकळा ठेवायचा हे ठरवायला भिंतीवरचं कॅलेंडर जास्त उपयोगी पडतं. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या आसपास, पहाटेही आणि संध्याकाळीही. चतुर्थीला तीन. द्वादशीला नऊ. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, प्रतिपदेपासून मोजायचं. दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटं जातात, म्हणजे भरती रोज पन्नासेक मिनिटांनी मागे पडते. पाऊण येतो तो इथून. भरतीच्या वेळेत सहा तास मिळवले की ओहोटी.

हा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होतो, म्हणून आदल्या रात्री भरतीच्या तक्त्यावर वेळ ताडून घ्यायची. तक्त्यात मुंबईचे म्हणून जे आकडे असतात ते अपोलो बंदरचे. ठाण्याच्या खाडीत आत, ऐरोली-भांडुपकडे, पाणी त्यानंतर पोचतं.

वेळेबरोबर उंचीही बघायची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि ओहोटीला मीटरभराच्याही खाली जातं. अष्टमी-नवमीकडे भांग असतो, तेव्हा भरती-ओहोटीतला फरक दीड मीटरच्या आसपासच राहतो. पाणी संथपणे थोडंसं चढतं, थोडंसं उतरतं. उधाणाचं पाणी पक्ष्यांना ढकलत आपल्याकडे आणतं. भांगाचं पाणी त्यांना फारसं हलवत नाही.

मग सूर्य

मुंबईला दोन किनारे आहेत आणि त्यांची तोंडं विरुद्ध दिशांना आहेत. इतकी साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला एक अख्खा हिवाळा गेला. शिवडीला तुम्ही पूर्वेकडे बघत उभे असता, म्हणजे सकाळी सूर्य समोर आणि दुपारनंतर पाठीशी. जुहू, अक्सा, गोराई, वसईकडे तोंड पश्चिमेला, तिथे सकाळचं ऊन पाठीशी.

पाणी आणि ऊन एकत्र धरलं की तिथी आपोआप ठरतात. शिवडीसाठी द्वितीया-तृतीया उत्तम. भरती दीड-सव्वादोनला होऊन जाते आणि चार-साडेचारला, ऊन मऊ होत असताना, जेट्टीजवळचा चिखल उघडा पडायला लागतो. नवमी-दशमीला चढतं पाणी मिळतं, पण ते भांगाचे दिवस, पाणी पुरतं काठाला भिडत नाही आणि थवा हात राखून राहतो. माझं मत तिजेलाच. पश्चिमेच्या वाळूसाठी त्रयोदशी-चतुर्दशी बघा. भरती पावणेदहा-साडेदहाला, म्हणजे सूर्योदयापासून नऊपर्यंत पाणी चढत असतं आणि पक्षी वाळूच्या अरुंद पट्ट्यावर येत जातात.

महिन्यात दोन पक्ष, म्हणजे प्रत्येक जागेसाठी दोन संधी. त्यातली एक सुट्टीच्या दिवशी पडेलच असं नाही. आणि रविवारी पडली तर शिवडीला जाणाऱ्या हार्बर लोकलचा मेगाब्लॉक आहेच. त्या दिवशी दादरहून बस धरलेली बरी.

ढगाळ दिवसाला मात्र सूर्याचा नियम लागू नाही. तेव्हा सकाळी शिवडीलाही बरे फोटो मिळतात. ऊन चढल्यावर चिखलावरून गरम हवा थरथरत वर येते. या थरथरीत फोटो मऊ येतात आणि लोक लेन्सला दोष देतात. दहानंतर लांबचा पक्षी टिपायचा नाद सोडावा. ती वेळ दुर्बिणीची.

जागा

शिवडी स्टेशनच्या पूर्वेला उतरून वीसेक मिनिटांची पायपीट. रस्ता गोदामांचा आणि ट्रक-टँकरचा, धूळ भरपूर, म्हणून कॅमेरा बॅगेतच ठेवा. जमीन बंदराच्या हद्दीतली आहे. पहारेकऱ्याने हटकलं तर वाद न घालता विचारावं, कुठपर्यंत जाता येईल ते तो सांगतो. समोर अटल सेतू आहे, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला. फ्रेममध्ये खांब नको असतील तर कोन शोधावा लागतो. मी तर अलीकडे खांब येऊ देतो. हे पक्षी या शहराचे आहेत, ते फोटोत दिसायला काय हरकत आहे? एकच सांभाळा: जेट्ट्या, तेलाच्या टाक्या, जहाजं यांच्याकडे लेन्स रोखू नका. हा सगळा संवेदनशील पट्टा आहे.

शिवडीला येणारे बहुतेक जण फ्लेमिंगोंसाठी येतात आणि फ्लेमिंगो बघून जातात. त्यांच्या गुलाबी पायांच्या आसपास चिमणीएवढे लिटल स्टिंट पळत असतात, त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. आर्क्टिकच्या काठावर अंड्यातून निघालेला जीव पहिल्याच हिवाळ्यात मुंबईच्या चिखलात येतो, हे एकदा डोक्यात शिरलं की फ्लेमिंगो थोडे मागे पडतात.

ठाणे खाडीच्या पश्चिम भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केलं गेलं आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या 'रामसर' पाणथळांच्या यादीत गेली, सुमारे साडेसहा हजार हेक्टर. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने आत जाता येतं. बोट पाण्यावर अवलंबून, म्हणून फेऱ्यांच्या वेळा भरतीप्रमाणे बदलतात आणि हंगामात आधी नोंदणी करावी लागते. बोटीत लेन्स कठड्यावर टेकवू नका, इंजिनाचा थरथराट थेट फोटोत उतरतो. कोपर अंगाशी घट्ट धरून हातातच ठेवा.

भरतीला पक्षी झोपायला जातात त्या जागा वेगळ्या. नवी मुंबईत सीवूड्सजवळची, 'टी. एस. चाणक्य' या सागरी प्रशिक्षण संस्थेशेजारची पाणथळ, उरणकडे पाणजे, भांडुपच्या उदंचन केंद्राजवळची (पंपिंग स्टेशनजवळची) तळी. इथे ऐन भरतीलाच जायचं. एकादशी-द्वादशीला भरती सकाळी सव्वाआठ-नऊला येते, उजेड चांगला असतो. प्रवेशाचे नियम यातल्या काही ठिकाणी बदलत राहतात, म्हणून आधी चौकशी करा.

पश्चिमेला अक्सा-मार्वे, मनोरी-गोराई आणि वसईचं भुईगाव. जुहूलाही हिवाळ्यात सकाळी लवकर चिखल्यांचे, म्हणजे प्लोव्हरचे, थवे असतात, पण साडेसातनंतर पळणारे, घोडे आणि कुत्रे यांच्यात पक्ष्यांना बसायला उसंत नाही. मार्व्याला नौदलाचा तळ आहे, तिकडे कॅमेरा वळवू नका. भुईगाव लांब पडतं, वसई स्टेशनवरून रिक्षा करावी लागते, पण वाळू, चिखल आणि सुरूची सावली एकाच जागी मिळते. माझे सर्वांत जवळून काढलेले सँड प्लोव्हर तिथलेच.

केव्हा

पहिले पक्षी पावसातच येतात, जुलैअखेर-ऑगस्टमध्ये. ही मोठी मंडळी, अंगावर विणीचा तांबूस रंग अजून थोडा उरलेला. पिल्लं मागून, सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्यांची पिसं कोरी असतात, प्रत्येक पिसाला फिकट कड, पाठीवर खवले असल्यासारखी. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह, नवख्याने सुरुवात करायला चांगला काळ. डिसेंबर-जानेवारीत संख्या भरपूर, पण सगळे राखाडी. फोटोसाठी मला मार्च-एप्रिल आवडतो. परत जाण्याआधी रंग चढतो. कर्ल्यू सँडपायपर विटकरी होतो, सँड प्लोव्हरच्या छातीवर नारिंगी पट्टा येतो, ग्रे प्लोव्हरचं पोट काळं पडत जातं. मे उजाडेपर्यंत बहुतेक निघून जातात. मागे राहतात ती बरीचशी त्या वर्षी वीण न करणारी तरुण पाखरं.

बसणं

हा भाग नीट वाचा, बाकीचं सगळं याच्यापुढे कमी महत्त्वाचं आहे.

चालत पक्ष्यांकडे जायचं नाही. पाणी त्यांना तुमच्याकडे आणणार आहे, तुम्ही फक्त आधी जाऊन बसायचं. चढतं पाणी असेल तर भरतीच्या साडेतीन तास आधी जागेवर हजर. कड कुठल्या बाजूने येते ते पाहा, पाणी शेवटी कुठल्या पट्ट्याला भिडतं ते पाहा. वाळूवर भरतीची खूण दिसते: काटक्या, प्लॅस्टिक, शिंपल्यांची रेघ. त्या रेघेच्या चार-पाच पावलं वर बसा, ऊन पाठीशी घेऊन.

ताडपत्रीचा तुकडा किंवा जुनं रेक्झिन अंथरा. पालथे पडा. लेन्स जमिनीपासून वीतभर वर, पक्ष्याच्या छातीच्या पातळीला. त्यासाठी महागडी बीनबॅग नको, जाड कापडाच्या पिशवीत दोन किलो तांदूळ भरून तोंड शिवून टाका. उभं राहून काढलेल्या फोटोत पक्ष्याच्या मागे चिखल येतो. पालथं पडून काढलात की तोच चिखल विरघळून मऊ रंग होतो आणि पक्षी सुटा दिसतो. शिवडीच्या जेट्टीवर हे जमत नाही, तिथे निदान मांडी घालून बसा. उभ्या माणसाला पक्षी जास्त घाबरतात.

चिखलात उतरायचं नाही. शिवडीचा चिखल मांडीपर्यंत घेतो, आत बाटल्यांच्या काचा आणि कालवांच्या धारा. माझ्या ट्रायपॉडचा एक पाय तिथे रुतला तो पुरता वर आलाच नाही, तळातला रबरी बूच आजही खाडीत असेल. वाळूवर पडून असताना पाठीमागच्या खोलगट भागातून पाणी शिरतंय का, दर दहा मिनिटांनी मान वळवून पाहा. डोळा व्ह्यूफाइंडरला लागला की समुद्र विसरायला होतं.

मग थांबा. पहिली वीस मिनिटं काहीच होत नाही. एकदा भुईगावला असाच पडलो होतो आणि एक व्हिम्ब्रेल, लांब वाकड्या चोचीचा किनारपक्षी, चालत आला. त्याने बिळातून एक खेकडा ओढला आणि पायाला धरून झटकला. पाय तुटून बाजूला पडला. परत दुसऱ्या पायाने धरून झटकला. असं करत सगळे पाय नि नांग्या झाडून टाकल्या, उरलेला गोल गोळा पाण्यात बुचकळला आणि चोचीच्या टोकावरून वर उडवून गिळला. मग मागे वळून गळालेले पाय एकेक करून टिपले. या सगळ्याला दीडएक मिनिट लागलं असेल. मी हललो असतो तर त्याने खेकडा टाकून उड्डाण केलं असतं.

पक्षी अस्वस्थ झाला की सांगतो. चरणं थांबतं, मान ताठ होते, एक-दोघे पंख ताणतात, कोणी तरी आवाज देतो. तिथेच थांबा, मान खाली घाला. परत चरायला लागले की ठीक. रेडशँक सगळ्यांत आधी बोंब मारतो, त्याच्यामुळे अख्खा थवा उठतो. म्हणून रेडशँक जवळ असेल तर हालचाल आणखी हळू करा.

भरतीला झोपलेल्या थव्याला उठवून उडतानाचे फोटो काढणारे लोक मी पाहिले आहेत. फोटो भारी येतात. पण मार्च-एप्रिलमध्ये त्याच पक्ष्याला हजारो किलोमीटर उडायचं असतं आणि त्यासाठी अंगावर चरबी साठवायची असते. प्रत्येक उठवणी त्यातूनच वजा होते. थवा आपणहून उठतोच, घार किंवा बहिरी ससाणा आला की. तेव्हा कॅमेरा तयार ठेवा. ड्रोनचं नाव काढू नका, आणि उन्हाळ्यात मिठागरात टिटवी, शेकाट्या किंवा केंटिश प्लोव्हरची अंडी दिसली तर फोटो न काढता, पावलं बघत, आल्या वाटेने परत फिरा. आपण उभे राहतो तेवढा वेळ अंडी उन्हात शिजतात.

कॅमेरा

सुरुवात दुर्बिणीने करा, ८ × ४२ पुरेशी. पहिल्या हिवाळ्यात फक्त पाहा. पक्षी कसा चालतो हे माहीत नसेल तर तो पुढच्या क्षणी काय करणार हे कळत नाही, आणि फोटो त्या क्षणाचा असतो.

लेन्स ४०० पासून पुढे. मोठ्या झूमचा, लेन्स न बदलता येणारा ब्रिज कॅमेराही ओळखीपुरते उत्तम फोटो देतो. स्पॉटिंग स्कोपला (पक्षी बघायच्या छोट्या दुर्बिणीला, एका डोळ्याच्या) मोबाइल लावून काढलेले फोटो मला लांबच्या कर्ल्यूसाठी जास्त कामाला आले आहेत.

चरणाऱ्या पक्ष्याला शटर १/१००० च्या खाली नेऊ नका, मान सारखी हलत असते. उडणाऱ्याला १/२००० किंवा वर. अ‍ॅपर्चर ६.३ ते ८. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या, दाणेदार फोटो पुसट फोटोपेक्षा बरा. फोकस सतत चालू राहणारा ठेवा आणि बिंदू डोळ्यावर.

खरी गोची उजेड मोजण्यात आहे. ओला चिखल काळा, त्यामुळे कॅमेरा फ्रेम उजळवतो आणि पक्ष्याचं पांढरं पोट जळून जातं. अशा वेळी एक्स्पोजर पाऊण स्टॉप कमी करा. सकाळचं पाणी चमकत असेल तर उलट, पक्षी काळवंडतो, तेव्हा वाढवा. हिस्टोग्रामपेक्षा (उजेड-अंधाराच्या आलेखापेक्षा) मी पडद्यावर लुकलुकणारे जळके भाग बघतो. शेकाट्या आणि उचाट्या या काळ्या-पांढऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत पांढरं सांभाळायचं, काळं नंतर रॉमधून (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधून) थोडं वर आणता येतं.

ओळख

मराठी नावं गोड आहेत, चिखल्या, तुतवार, शेकाट्या, उचाट्या. पण एक नाव दोन पक्ष्यांना लावलेलंही सापडतं, म्हणून किनाऱ्यावर आम्ही सगळे इंग्रजी नावंच बोलतो. नवख्याने रंग आधी बघू नये. हिवाळ्यात सगळे मातकटच असतात. चाल बघा. चार पावलं पळून थबकणारा, मग वाकून टिपणारा, आखूड चोच नि मोठा डोळा: प्लोव्हर. शिवणयंत्रासारखी चोच खाली-वर: स्टिंट आणि सँडपायपर. बैठं शरीर करून वेड्यासारखा खेकड्यांमागे धावणारा, चोच वर वळलेली, पाय पिवळट-नारिंगी: टेरेक. खडकावर एकटा, सारखं ढुंगण हलवणारा: कॉमन सँडपायपर, तो मुंबईच्या प्रत्येक नाल्यावरही भेटतो.

गोंधळ होणाऱ्या जोड्यांसाठी फोटो मुद्दाम काढायचे असतात. गॉडविट दोन. ब्लॅक-टेल्डच्या पंखावर उडताना ठसठशीत पांढरी पट्टी, बार-टेल्डला ती नाही आणि त्याची चोच किंचित वर वळलेली. म्हणून गॉडविट दिसला की उडतानाचा एक फोटो हवाच. व्हिम्ब्रेलच्या डोक्यावर गडद पट्टे, कर्ल्यूच्या नाहीत, आणि कर्ल्यूची चोच बघताच 'ही कशी पेलतो हा' असं वाटतं. केंटिशच्या मानेभोवती मागून पांढरी कॉलर, सँड प्लोव्हरला ती नसते. लहान आणि मोठा सँड प्लोव्हर यांच्यात मात्र भांडणं होतात. डोकं अगदी बाजूने टिपा: चोचीची लांबी चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतच्या अंतरापेक्षा स्पष्ट जास्त भरली तर ग्रेटर. बाकी सगळे आपले नेहमीचे लहान. त्या लहानालाही आता तज्ज्ञांनी तिबेटी आणि सायबेरियन अशा दोन जातींत वाटलं आहे, त्यामुळे जुन्या पुस्तकातलं 'लेसर सँड प्लोव्हर' नाव नव्या याद्यांत सापडलं नाही तर दचकू नका.

प्रत्येक नव्या पक्ष्याचे तीन फोटो ठरवून टाका: डोकं बाजूने, पाय दिसतील असा पूर्ण पक्षी, आणि उडताना पाठ-शेपटी. सुंदर फोटो त्यानंतर.

परत आल्यावर

खारी हवा लेन्सची शत्रू. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. घरी आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कपड्याने कॅमेरा आणि लेन्सचं बाहेरचं अंग पुसा, मग कोरड्याने. ट्रायपॉडचे पाय उघडून नळाखाली धरा, नाहीतर वाळू सांध्यात बसते. पावसाळ्याचे चार महिने मुंबईत लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर, काटा ४० ते ५० टक्क्यांत. लेन्स चामड्याच्या पिशवीत कपाटात ठेवली तर गणपतीपर्यंत आत जाळी दिसायला लागते. माझी एक गेली आहे.

फोटो मोठे करून पाहताना पायांकडे नक्की बघा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे १८८३ पासून चालू असलेली आपली बीएनएचएस, किनारपक्ष्यांच्या पायात कडी आणि रंगीत पट्ट्या घालते, परदेशातल्या संस्थाही घालतात. पट्टीचा रंग कोणता, दोन असतील तर वर कोणती आणि खाली कोणती, डावा पाय की उजवा, गुडघ्यासारखा दिसणारा सांधा असतो त्याच्या वर की खाली, आणि त्यावर अक्षरं-आकडे असतील तर ते, एवढं लिहून तारीख आणि जागेसह सोसायटीला कळवा. पुसट फोटोही पाठवा. फोटो आरशासारखा उलटा केला नाही ना, तेवढं तपासून घ्या. डावा पाय उजवा झाला की पक्षीच बदलतो.